एका घरात एक अक्षर

या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष शेषेरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या पंचशीलाबाई, आणि रेणापूरच्या या वाचनालयात उपस्थित बंधू-भगिनींनो,

माझे शिक्षण चौथी उत्तीर्ण. तथापि अक्षर कसे असावे, याविषयी माझी मते पक्की आहेत, हे बाईंना पहिल्याच भेटीत कळले. एस.टी.च्या पाट्यांसाठी संगणकावर घडवलेली आपली अक्षरे त्यांनी मला दाखवली. सर्व रेषा एकाच जाडीच्या, टोकाला फुगवटा नाही, आणि प्रत्येक अक्षर काना-मात्रेसह सारख्याच रुंदीच्या घरात. मी विचारले, "बाई, हा र पाय पसरून बसला आहे आणि क्ष अंग चोरून. हा कोणता न्याय?"

त्या म्हणाल्या, "आजोबा, गाडीवरच्या दिव्यांच्या पाटीत प्रत्येकाला एकच घर मिळतं. जाड्याला दोन दिली, तर गावाचं नाव पाटीबाहेर जाईल."

माझे समाधान झाले नाही. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांनाही हीच अक्षरे सोयीची पडतात, ओळीखाली ओळ नेमकी बसते, असे ऐकतो. ते मला तपासता येत नाही. माझ्या कुटुंबात घडले तेवढे सांगतो.

माझ्या पत्नी सौ. केवळाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांची थोरली बहीण रत्नम्मा निलंग्यास. लातूरच्या स्टँडवर गाडी बदलावी लागते. एकदा कोणाला विचारून बसल्या आणि उदगीरला उतरल्या. त्यानंतर माझ्याशिवाय कधी गेल्या नाहीत. बाईंच्या महिला साक्षरता वर्गाला त्या निघाल्या, तेव्हा मी म्हणालो, पाटी वाचायला मी आहे ना? त्यांनी चप्पल घातली.

वर्गात बाईंनी गाडीच्या पाटीवरचीच अक्षरे कागदावर दिली होती. केवळाबाई आधी घरे मोजत, मग अक्षर ओळखत. उदगीरची चार, निलंग्याची तीन.

गेल्या श्रावणात मी पडलो, खुब्याचे हाड मोडले. खाटेवर असतानाच निलंग्याहून निरोप आला, रत्नम्माने अन्न सोडले आहे. मुलगा नांदेडला नोकरीस. तो येईपर्यंत थांबावे, असे मी सुचवले.

"तवर अक्का थांबल का?" एवढे बोलून त्या निघाल्या.

तो दिवस मी कसा काढला, हे या सभेत सांगणे उचित नाही. दिवेलागणीला फोन आला. रत्नम्माने डोळे उघडून विचारले होते, "कुनासंगं आलीस गं?"

"कुनासंगं न्हाई, अक्का. म्या वाचून आले."

रत्नम्मा पुढच्या आठवड्यात गेल्या. भेट झाली होती.

पंचशीलाबाई, आपण आता नांदेडला नव्या जागी रुजू होत आहात. तेथेही आपल्या हातून असेच काम घडो. आमचे कुटुंब आपले ऋणी आहे. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांततेने ऐकले, आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास माझ्या वयाकडे पाहून पोटात घालावे. केवळाबाई आज येथे नाहीत, याबद्दलही बाईंनी राग मानू नये. निलंग्यास रत्नम्माच्या नातीकडे बारसे आहे. सकाळच्या गाडीने त्या गेल्या. जाताना मला फक्त कळवले.