कुठली म्हणून सांगायचं?

आमच्या घरात एक नियम आहे आणि त्यावर वाद घालायचा नाही: कुणीही ‘कुठली?’ म्हणून विचारलं, की ‘पुण्याची’ सांगायचं. माझा जन्म दुबईतला, शाळा-कॉलेज इथलं, पुण्यात राहिले ती फक्त सुट्टीत. तरी मी पुण्याची! चहा घ्या, कप अजून खोक्यात भरलेले नाहीत. बाबा पुढच्या महिन्यात रिटायर होतायत, त्यांच्याबरोबर आमचेही व्हिसा खलास. म्हणून शेवटची ट्रिप केली, ऑस्ट्रेलियाच्या पार टोकाला, एका लहानशा बेटावर. बरोबर काकाही होते, त्यांना महायुद्धात पडलेली विमानं बघायची होती.

गाईड बेटावरच्या मूळ लोकांपैकी, साठीची बाई. गंजलेल्या विमानापाशी थांबून म्हणाली, “आमच्या माणसांना सरकारने इथून हलवलं होतं. युद्ध संपल्यावर माझे आजोबा कुणालाही न विचारता परत आले. घर बांधलं आणि मग हललेच नाहीत.” मग माझ्याकडे वळली. “तू कुठली?”

“पुणे,” काका म्हणाले.

“मी तिला विचारलं.”

आईने मला कोपराने ढोसलं. मला मात्र दुबईतल्या आमच्या बिल्डिंगखालच्या कॅफेटेरियातल्या, वेलची घालून उकळलेल्या करक चहाचा वास आला. तिथे, त्या बेटावर!

“दुबई. अल मनखूल,” मी म्हणाले.

बाबा हसले. “अगं, भाड्याचं घर ते. आपलं काय आहे तिथे?”

“मी आहे, बाबा. पुण्याला येईन, पण पुण्याची म्हणून सांगणार नाही.”