पाचवं जनावर

संदर्भ : कुंभारीच्या मल्लप्पांचा गोबरगॅस अनुदानासाठीचा अर्ज. सत्तरच्या दशकात खनिज तेल महागलं तेव्हाची गोष्ट, अशा अर्जांचं टेबल माझंच. नियमाप्रमाणे जनावरं पाच हवीत, पाहणीला गेलो तर गोठ्यात भरली चार.

मल्लप्पा म्हणाले, "पाचवं म्हशीच्या पोटात हाय की, सायेब!"

शेजारी त्यांची बायको चुलीच्या धुरानं लाल झालेले डोळे पुसत होती. मी टिपण लिहिलं : 'एक जनावर मार्गस्थ.' कचेरीतल्या आमच्या साहेबांचा शेरा आला : 'व्याल्यावर हजर करावे.'

म्हैस व्याली. दोघं रेडकू घेऊन कचेरीत हजर. साहेब म्हणाले, "नियमात मोठं जनावर लागतं. वाढलं की आणा."

बाई म्हणाली, "शेण तर आत्ताच टाकलंय की, तुमच्या टेबलाखाली!"

मी तशी नोंद घेतली. मी निवृत्त झालो. अर्ज प्रलंबित आहे.