जिराफाखालच्या दोन फळ्या

नाव : ओळखपत्रावर आहे ते. कामावर सगळे मला 'उंचीवाल्या मावशी' म्हणतात. वय : ५६ वर्षे. धंदा : नोकरी, करमणूक उद्यानाच्या दारात मुलांची उंची मोजणे. राहणार : उद्यानामागच्या रस्त्यावर, शिंप्याच्या दुकानावरची खोली. एकटी.

मी समक्ष पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, मला कुणी बोलावलेलं नाही, मी आपणहून आले आहे. आमच्या उद्यानाचे रंगारी आज सकाळी दहापासून तुमच्या बाकावर बसून आहेत. कंपनीला फसवल्याची तक्रार मॅनेजरसाहेबांनी त्यांच्यावर केली आहे. ते काम त्यांचं नाही, माझं आहे. रंगाऱ्यांना निवृत्त व्हायला दोन महिने उरलेत. आता गुन्हा नोंदला गेला तर बत्तीस वर्षं इमानाने काम केलेला माणूस लबाड म्हणून बाहेर पडेल. तसं होऊ नये म्हणून आले आहे.

कामाचं स्वरूप विचारल्यावरून सांगते की, आमच्या दारात एक लाकडी जिराफ आहे. माणसापेक्षा उंच, खाली लोखंडी बैठक, छातीवर लाल रेघ. मूल त्याला पाठ लावून जमिनीवर उभं राहतं. डोकं रेघेच्या खाली राहिलं तर अर्धं तिकीट, वर गेलं तर पूर्ण. मी शेजारच्या स्टुलावरून उठते, डोक्यावर पट्टी ठेवते आणि तिकिटाच्या खिडकीकडे बघून ओरडते, 'अर्धं!' नाहीतर 'पूर्ण!' अकरा वर्षं मी एवढे दोनच शब्द ओरडते आहे.

गेल्या वर्षभरात तिकीट तीनदा वाढलं. मॅनेजरसाहेब म्हणतात, वीज महागली, डिझेल महागलं, मोठ्या चक्राचे सुटे भाग महागले. खोटं नाही ते. त्यांचाही जीव मेटाकुटीला आलाय, मी बघते ना. पण तिसऱ्या वाढीच्या वेळी त्यांनी रंगाऱ्यांना बोलावून लाल रेघ चार बोटं खाली काढायला लावली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंडावर म्हटलं, "साहेब, वीज महागली म्हणून पोरं लांब झाली का?" ते म्हणाले, "मावशी, तुम्ही पट्टी धरा." मी पट्टी धरली.

तेव्हापासून दारात रोज तमाशा. आया पोरींचे अंबाडे सोडतात, बाप कानात सांगतात, 'गुडघे वाकव, श्वास सोड.' काही जण पोराच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहतात, दाबून धरलं तर वाढायचं थांबेल असं. मला हसू यायचं, मग हसू यायचं बंद झालं.

पाच तारखेला, रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास एक टेम्पोवाला आला. सोबत बायको आणि दोन मुली. धाकटी अर्ध्यात बसली. थोरली रेघेच्या दोन बोटं वर गेली. जुन्या रेघेला ती आरामात अर्ध्यात बसली असती. मी 'पूर्ण' म्हटलं. टेम्पोवाला खिडकीवरचा फलक वाचत राहिला, मग परत पहिल्यापासून वाचू लागला. तेवढ्यात थोरलीच म्हणाली, "बाबा, मला पाळण्यात चक्कर येते. तुम्ही जा, मी पिशव्या सांभाळते." बाप नको नको म्हणत होता, तिनेच त्याला आत ढकललं.

ती चार वाजेपर्यंत माझ्या शेजारी बसून होती. माझ्या डब्यातली अर्धी पोळी तिने खाल्ली, तीही लाजत. मोठ्या चक्रातला धाकटीचा पाळणा वर आला की उठून उभी राहायची. वरून धाकटी हात हलवायची, ही खालून हलवायची. मी विचारलं, "काय गं, खरंच चक्कर येते तुला?" तर म्हणते, "काय माहीत मावशी, मी कधी बसलेच नाहीये."

त्या दिवशी राहिलेली पोळी मी तशीच डब्यात घरी नेली. कार्टीने मला रडवलं, हेही लिहा.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सहा तारखेला, मी सकाळी सातला कामावर गेले. उद्यान नऊला उघडतं. गोदामातून बंद पडलेल्या झोपाळ्यांच्या बैठकीच्या दोन जाड फळ्या काढल्या. जिराफाला खांद्याने रेटून एका अंगाला कलता केला आणि पायाने फळी आत सरकवली. मग दुसऱ्या बाजूने तसंच. जिराफ चार बोटं वर गेला, रेघ आपल्या जुन्या जागी आली. मी फळ्यांपुढे कुंड्या मांडल्या. त्या दिवसापासून एकोणीस दिवस मी पट्टी अगदी सरळ धरली आणि रेघेप्रमाणे खरं तेच ओरडले. एका पैशाला हात लावलेला नाही.

रंगाऱ्यांचा संबंध विचारल्यावरून सांगते की, मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. नऊ तारखेला सकाळी आले तर कुंड्या बाजूला ठेवलेल्या आणि फळ्यांवर हिरवा रंग. नुसता रंग नाही, गवताची पाती काढलेली, पातीपातीला वेगळी छटा, आणि कोपऱ्यात एक बेडूक. जिराफ पहिल्यापासून गवतातच उभा होता असं कुणालाही वाटावं. रंग अजून ओला होता. दहा वाजता रंगारी डबे घेऊन समोरून गेले. "चहा झाला का, बाई?" एवढंच म्हणाले. मी "झाला" म्हटलं. अकरा वर्षं आमचं एवढंच बोलणं आहे. बेडकाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

काल मॅनेजरसाहेबांना अर्धी तिकिटं फार दिसली. आज सकाळी त्यांनी स्वतः टेप लावून रेघ मोजली, खाली वाकून बघितलं आणि फळ्या सापडल्या. फळ्यांवर हात रंगाऱ्यांचा, हे आंधळ्यालाही कळेल. साहेबांनी रंगाऱ्यांना विचारलं, "हे तुम्ही केलंत?" मी तोंड उघडायच्या आत रंगारी म्हणाले, "हो, मीच केलं." आणि ब्रश धुवायला ठेवून मॅनेजरसाहेबांच्या जीपमध्ये जाऊन बसले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. असा राग आला मला!

नातं काय, असं विचारल्यावरून सांगते की, नातं काही नाही.

माझं एवढं सांगून झाल्यावर फौजदारसाहेबांनी रंगाऱ्यांना आत बोलावून माझ्यासमोर विचारलं. ते म्हणाले, "साहेब, बाईंचं काही ऐकू नका. जिराफ हलवणं यांच्या गुडघ्याला झेपणारच नाही. तीन वर्षं झाली, डावा गुडघा धड वाकत नाही यांचा. म्हणून तर मी यांच्या स्टुलाचे पाय दरवर्षी थोडे थोडे वाढवत आलोय."

गुडघ्याचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, डॉक्टरलासुद्धा नाही. स्टुलाचं मला आज कळलं. मला वाटत होतं, उठणं सोपं जातंय म्हणजे आपला गुडघा बरा होत चाललाय.

हवालदारांनी पाणी दिलं. मग मी सांगितलं की, गोदामाची किल्ली घेताना वहीत सही करावी लागते, सहा तारखेला तिथे माझी सही आहे, वही मागवून घ्या. वही आली. सही माझीच निघाली. फौजदारसाहेबांनी रंगाऱ्यांना सांगितलं, तुम्ही घरी जा. ते अजून गेलेले नाहीत. बाहेर बाकावर बसून आहेत.

पुढे माझं जे व्हायचं ते होवो, माझी तक्रार नाही.

वरचा सगळा मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, कुणी धाकदपटशा केलेला नाही. गुडघ्याचं आणि स्टुलाचं या प्रकरणाला लागत नाही, तेवढं खोडू का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, बाकी काय हवं ते खोडा, तेवढं राहू द्या.