बांधाला बांध

माझा धाकटा भाऊ रमजानमध्ये कुराणाची अशी तिलावत करायचा, की ऐकणारे रडायचे. पण त्या अरबीचा अर्थ त्याला कुठं ठाऊक! नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. अब्बा गेले, तसा हा निफाडच्या द्राक्षबागेचं हक्कसोडपत्र घेऊन आला.

"आपा, सही कर. सगळ्याच बहिणी करतात. हिस्सा घेतला की माहेर तुटतं."

म्हटलं, "आधी वारसाहक्काची आयत म्हण."

त्यानं सुरात म्हटली. मी शाळेची पायरी न चढलेली, साक्षरतेच्या वर्गात नुकतीच वाचायला शिकलेली बाई, मी मराठी कुराण उघडून त्याला तिचा अर्थ वाचून दाखवला: मुलाला दोन वाटे, मुलीला एक.

त्यानं हक्कसोडपत्राची घडी करून खिशात घातली. मग हळूच म्हणाला, "घे तुझा वाटा. पण आपा, ईदला येशील ना?"

"येड्या, आता बांधाला बांध लागला. ईद कशाला, रोज भांडायला येईन!"