आवाज अलीकडे, लेक पलीकडे

…नाही, पण बोलायचं तर पूर्ण बोलावं ना माणसानं! अर्धं बोलायचं आणि लिफ्टचं दार ओढून वर निघून जायचं, ही काय रीत झाली? मी आपली खाली पत्रं काढत उभी, आणि इस्त्रीवाला कुणाला तरी सांगतोय, “तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर सगळं पुसून टाकणार म्हणे, आणि लेकीकडे…” खट्! दार बंद. लेकीकडे काय? कायमचे? तुम्हाला सांगते, विजेचं बिल मी पाच मिनिटं उलटं धरून वाचत होते. मी राहते बरोबर त्यांच्या खालच्या मजल्यावर, पण तशी मला लोकांच्या घरात डोकवायची सवय नाही हो. आपल्याला काय करायचंय!

पण पेचकस घेऊन वर गेले. त्यांनी मागितलं नव्हतं, पण लागलं असतं तर?

मास्तर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवायचे ते. आणि मास्तरीणबाई… त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं दोन वर्षांपूर्वी. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जीव राहील, आवाज जाईल. तर या बाईनं काय करावं? रडत बसावं? छे! महिनाभर कॉम्प्युटरसमोर बसून स्वतःच्या आवाजात दोनशे वाक्यं भरून ठेवली! मास्तरांनी प्रत्येकाला चित्र काढलं. खिडकीच्या चित्रावर टिचकी मारली की “खिडकी उघडा.” चष्म्यावर मारली की “तुमचा चष्मा तुमच्याच डोक्यावर आहे.” अगदी त्याच ठसक्यात! ऑपरेशननंतरही मास्तर दिवसातून दहा वेळा बोलणी खात होते आणि खूश होते.

मग घोडं कुठे अडलं? लेक राहते लांब. तिला बघत बोलायचं, तर तो व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम अलीकडे जुन्या सिस्टीमवर चालेनासा झाला. म्हणून दुरुस्तीवाल्यानं त्याच कॉम्प्युटरमध्ये शेजारी नवी सिस्टीम बसवून दिली. आता सुरू केला की तो विचारतो, जुनी की नवी? एका वेळी एकच! जुनीत गेलं तर आवाज आहे, लेक नाही. नवीत गेलं तर लेक आहे, आवाज नाही. म्हणजे एकाच पेटीत मायलेकी, आणि मधे भिंत! तीन आठवडे ती पोर पडद्यावरून “आई, आई” करतेय आणि आई नुसती मान हलवतेय.

तुम्ही म्हणाल, मोबाइल नाही का? अहो, मीही हेच म्हटलं! मास्तरांचा बटणांचा, त्यात चेहरा दिसत नाही. मग माझा नेला, कॉम्प्युटरच्या स्पीकरपुढे धरला. लेक म्हणते, “आई विहिरीत बसलीय का?”

तर मी गेले तेव्हा मास्तरीणबाई पाटीवर लिहीत होत्या. मी काही वाचायला गेले नव्हते, पाटीच माझ्याकडे तोंड करून होती. लिहिलं होतं, “जुनी पुसून टाका. मला लेक हवी.” दुरुस्तीवाला म्हणाला होता ना, जुनी काढली की नवीला जागा होईल, रोजची कटकट जाईल. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे. पाठीवरून कळतं हो माणसाचं.

गप्प बसावं ना मी? आपल्याला काय करायचंय! पण मी म्हटलं, “मास्तर, नवीतून जुनीतलं सामान दिसतं का?”

“दिसतं. पण उघडलं की चालत नाही.”

“लांबून कसं चालेल? एका घरात दोन दोन कशाला हवेत? उचला आवाजाचा अख्खा प्रोग्राम आणि ठेवा इकडे!”

आणि मास्तरांनी उचलला हो! शहाणा माणूस, पण माझं ऐकलं! नवीत उघडला, नुसती चौकट आली, अमुक सापडत नाही, तमुक सापडत नाही. परत जुनीत गेलो… तिथे खिडकी नाही, चष्मा नाही, काही नाही. मास्तरीणबाईंनी रिकाम्या पडद्यावर एकदा बोट टेकवलं आणि हात मांडीवर ठेवला. माणसाचा आवाज मी पेचकस घेऊन येऊन घालवला!

दुरुस्तीवाला आला. चष्मा कपाळावर, बोलणं असं की दोन शब्दांमधे माणूस अंघोळ करून येईल. “कुणी… हलवलं… हे?” मास्तर म्हणाले, “मीच.” देवमाणूस! त्यानं सगळं होतं तिथे परत ठेवलं, जुनी सुरू केली, टिचकी मारली. “टीव्ही बारीक करा!” अहो, टीव्ही बंद होता, तरी मास्तर बंद करायला धावले.

मग तो मला समजावतो, “काकू, प्रोग्राम म्हणजे खुर्ची नाही, उचलली आणि ठेवली. झाड आहे ते. मुळं त्या सिस्टीममधे गेलेली असतात. पलीकडे हवं तर पलीकडे नव्यानं लावायचं, आणि हे बनवणारी कंपनी कधीच बंद पडली.”

“आणि फळं?” मी विचारलं. आता मला काय कळतंय त्यातलं? झाड म्हणाला म्हणून तोंडातून गेलं.

त्याचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. “आवाज… साध्या फायलीच आहेत की. त्या… दोन्हीकडे वाजतील.” आणि वाजल्या! नवीत! फक्त चित्रं नाहीत, नुसते आकडे, एक ते दोनशे.

मग मास्तरांनी कागदावर सगळी चित्रं काढली, खाली आकडे घातले. मास्तरीणबाई बोट ठेवणार, कुणीतरी तो आकडा दाबायचा. मास्तरांना तो सापडेपर्यंत विषय बदलतो. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं काढलीत, लोकांची बोलणी जोडून देण्यात. बसले मी!

लेकीचा चेहरा आला. मास्तरीणबाईंनी बोट ठेवलं, मी घाईत शेजारचाच आकडा दाबला. “पुरे आता, झोपा!” तीन आठवड्यांनी आईचा आवाज नीट ऐकला पोरीनं, आणि तो असा! हसतेय काय, डोळे पुसतेय काय. “आई, परत बोल, परत रागाव ना!” मग मी नीट दाबलं. “जेवलीस का गं?” बस्स. त्यानंतर मला पडदा नीट दिसेना. स्क्रीन खराब असणार.

डोळे पुसून लेक म्हणाली, “मग आई, इकडे यायचं नक्की ना?” मास्तरीणबाईंनी पटकन एकशे बारावर बोट ठेवलं. मी लगेच दाबलं, बावीस वर्षांची सवय! आणि खणखणीत आवाज आला, “हे खालच्या बाईंना सांगू नका!”

ऑपरेशनच्या आधी भरून ठेवलंय हो हे! चित्रही आहे, दाराला लावलेला कान. माझाच, कुडी ओळखली मी.

मास्तर कासावीस. “अहो, तुम्ही हळव्या… उगीच जीवाला लावून घ्याल, म्हणून…” आणि मास्तरीणबाई आवाज न करता इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की माझा हातच घट्ट धरून ठेवला.

तर पुसणार काहीच नाहीत. जाणार आहेत खरे, पण दोनच महिने. किल्ली माझ्याकडे देताहेत. कुठलं कपाट उघडायचं नाही, तेही सांगून झालंय. आता दोन महिने त्या कपाटासमोर रोज केर काढायचा आणि म्हणायचं… आपल्याला काय करायचंय!