खोपीत ठेवलेली सून

माझं म्हायेर विंझरचं, दिलं पालीला, गडाच्या पायथ्याला. नाव हौसाबाई. शाळा चौथीपतूर झाली, ती पण निम्मी गुरांमागं. सासू लई कडक हुती, पण वाईट न्हवं, तिलाच कुणी कधी मऊ वागवलं न्हवतं तर ती कुठनं आणणार मऊपणा. पैल्या खेपेला मला उलट्या लागल्या तवा भाताची लावणी चाललेली, चिखलात उभी ऱ्हाऊन वकायची आणि तोंड पुसून परत वाकायची. सासू म्हणायची, वकारी येती म्हंजी पोटातल्यानं नीट धरलंय, गप लाव. म्या गप लावली. हे तुमाला आदीच सांगते, कारण पुढं म्या जे केलं ते कुठनं आलं ते कळावं. माझी बाजू घ्या म्हणून न्हाई सांगत. बाजू घेण्यासारखं त्यात काय न्हाईच.

मालक गेले त्याला आता लई वर्सं झाली. लेकीचं लगीन झालं, ती तिकडं नारायणगावाला. मुलगा टेम्पो चालवतो, भाजीपाला पुण्याला नेतो, तीन-तीन दिवस घरी नसतो. आणि आमच्याकडं गड चढायला येणारी माणसं जेवायला असत्यात. शनिवार-रविवार अंगण भरलेलं. पिठलं, भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, ताक. पुण्याची पोरं लई चांगली, पण काय काय इचारत्यात. चुलीम्होरं बसून इचारत्यात, मावशी हे चुलीवरचंच हाय न्हवं? म्या म्हणते व्हय बाबा, धूर काय तुझ्या मोटारसायकलीचा हाय का? हसत्यात. दोन भाकऱ्या जास्त खात्यात. माझ्या हातची भाकरी खाऊन माणूस परत आला की मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. कुणी नाव घेतलं की मान वर व्हती. तीच मान मला नडली.

तर सून. तिचं म्हायेर भाटघरच्या बाजूला, धरणाच्या कडंला. शांत पोरगी, बारावी शिकलेली, मला आत्या म्हणती. हात चलाख, माझ्यापरास भाकरी पातळ करायची आणि सगळ्यांम्होरं म्हणायची मला आत्यांनी शिकवलं. म्या कुठं शिकवलं, घरनंच शिकून आलेली. लगीन झालं आणि पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला तिची पाळी चुकली. म्या म्हणलं कुणाला सांगायचं न्हाई. आमच्यात तीन महिने व्हईपतूर बोलत न्हाईत, नजर लागती. गावातली आशाताई, ती दवाखान्याची बाई, ती दारावरनं जाताना इचारून गेली, मावशी, घरात काय गोड बातमी? म्या म्हणलं, असली तर तुला पैल्यांदा सांगीन. आणि आत सून राखेच्या पाटीम्होरं बसून वकत हुती.

नुसतं सकाळचं वकणं न्हवतं ते, काय सांगू तुमाला. दिसभर. पाणी प्यालं की बाहेर, लाही खाल्ली की बाहेर, काय न्हाईच पोटात तर पिवळं पाणी बाहेर. लसणाची फोडणी चुलीवर पडली की उठून पळायची. आणि आमचं सगळं घर लसणावर चाललेलं. म्या आलं किसून दिलं, लिंबू दिलं हुंगायला, मोरावळा दिला. काय न्हाई राहिलं. आणि म्या काय म्हणायची? आमी न्हाई का काढलं. बायका काढत्यातच. तोंडातनं सासूचंच बोलणं पडायचं माझ्या, आणि मला कळायचं सुदीक न्हाई.

आता खरं सांगते. शनिवारी माणसं अंगणात जेवाय बसलेली आणि मागनं तिचा आवाज यायचा. घशातनं पिळून येणारा आवाज. जेवणारा माणूस हातातला घास धरून मागं बघायचा. एकानं इचारलं, मावशी, कुणाला बरं न्हाई का? म्या म्हणलं मांजर हाय. मांजर. खालच्या आळीतल्या एकीकडं मागं कुणाचं तरी पोट बिघडलेलं, त्यानं मोबाईलवर लिवलं, तर तिच्या दारात पुन्ना कुणी फिरकलं न्हाई. ते माझ्या डोक्यात बसलेलं. जेवायच्या घरात कुणी वकतंय म्हणल्यावर लोक काय समजतील? पोटुशी हाय म्हणून सांगावं तर तीन महिने झाले न्हवते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत्यात, पण मुठीत जीव घुसमटतोय का ते कोण बघणार.

मंग म्या तिला म्हणलं, शनिवार-रविवार तू वरच्या शेतातल्या खोपीत जाऊन बस. तितं वारं बी हाय, फोडणीचा वास बी यायचा न्हाई. तिच्या भल्याचं म्हणून सांगितलं. निम्मं खरं हुतं म्हणून तर म्या सांगू शकले. ती बरं आत्या म्हणली. कळशीभर पाणी, गोधडी, पिशवीत लाह्या, सकाळी जायची, दिस कलायच्या आत यायची. मुलाला फोनवर म्हणलं, शेतात बसती, मोकळी हवा लागती तिला. तो म्हणला बरंय.

दोन आठवडे असं चाललं. ती वाळत चालली. गळ्याची हाडं वर आली, बांगड्या कोपरापतूर जायच्या. म्या बघत हुते आणि बघत न्हवते. हे माणसाला जमतं बघा.

तिसऱ्या रविवारी लई गर्दी. तीन ग्रुप एकदम, भाकऱ्या थापता थापता मला मान वर करायला वेळ न्हाई. तिला दुपारचं काय द्यायचं राहिलं. आणि तिकडनं, शेताच्या बांधावरनं गडाची वाट जाती, तिकडनं एक चष्मेवाली पोरगी घाईघाईनं खाली आली. म्हणली, मावशी, वर खोपीत एक बाई पडलीय, लई उलट्या करतीय, बोलता पण येत न्हाई तिला, तुमच्या घरची हाय का?

अंगणात पंधरा-वीस माणसं. सगळ्यांचे हात थांबले.

म्या म्हणलं, न्हाई. कुणाकडं कामाला आलेली बाई असंल.

असं म्हणले म्या. माझ्या तोंडानं. तव्यावरची भाकरी उलटली आणि पुढं म्हणले, बसा तुमी, मी बघायला लावते कुणाला तरी. ती पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. मंग तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली आणि कसली तरी पावडर घेऊन ती परत वर पळत गेली. तिची कोण हुती ती? कुणी न्हाई. आणि म्या, म्या त्या ग्रुपला ताक वाढलं. माणसं उठेपतूर वाढत राहिले. उठली तशी पदर खोचून पळत सुटले. 

ती पोरगी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. सून डोळे मिटून, व्हटांना भेगा, जीभ कोरडी ठाक. लुगड्याला सगळं लागलेलं. म्या गेले आणि तिचा हात धरला, तर त्या पोरीनं इचारलं, वळखता का तुमी हिला? मला व्हय म्हणता येईना. मी नुसतीच रडाय लागले. ती समजली असंल. तिनं दुसऱ्या बाजूनं सुनेला धरून उठवली. 

खाली आणली, आशाताईला बोलवलं. तिनं पैला प्रश्न केला, लघवी कधी झाली हिला? मला म्हाईत न्हाई. सुनेनं बोटानं खूण केली, काल. आशाताईनं मला वरनं खाली बघितलं, म्हणली, मावशी, तुमी सगळ्या गावातल्या पोरींना शानपण शिकवता. शेजाऱ्याची जीप काढली आणि वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेली. जीपमदी तिचं डोकं माझ्या मांडीवर, आणि प्रत्येक खड्ड्याला मला वाटायचं आता गेली. पोटातलं तर गेलंच, आता ही बी जाती. देवाला म्हणले, तुला काय न्यायचं ते माझं ने.

डॉक्टरीणबाई तरणी हुती, माझ्या लेकीएवढी. लघवी तपासली, सलाईन लावलं, सुई दिली. मंग मला बाहेर बोलवून म्हणली, किती दिवस चाललंय हे? तवा खरं बोलले. महिना झाला म्हणलं. ती म्हणली, आजी, उलट्या सगळ्यांना व्हतात, पण पाणी सुदीक ठरत न्हाई, लघवी बंद व्हती, वजन उतरतं, तो आजार असतो, त्याला औषध असतं. आणखी दोन दिवस काढले असते तर मला काय सांगता आलं नसतं. म्या म्हणलं, आमच्या टायमाला आमी काढलं बाई. ती म्हणली, ज्यांनी काढलं त्याच सांगायला राहिल्यात, आजी. बाकीच्यांचं कोण सांगणार? तितं बाकड्यावर बसले आणि मला माझी धाकटी जाऊ आठवली. ती अशीच गेली हुती, चौथ्या महिन्यात. आमी म्हणलो हुतो बाहेरचं काय तरी लागलं. बाहेरचं काय, आमीच लागलो हुतो तिला.

चार दिवस दवाखान्यात ठेवली. पोटातलं शाबूत हुतं. मुलगा टेम्पो सोडून आला, तिच्या उशाला बसला. त्याला एवढंच म्हाईत की शेतात चक्कर येऊन पडली.

घरी आल्यावर गोळ्या येळेवर. डॉक्टरीणबाईनं सांगितलं तसं उठायच्या आदी चार कोरड्या लाह्या, पाणी घोट घोट, एकदम न्हाई, गार करून. चूल म्या अंगणाच्या पार टोकाला न्हेली. संक्रांतीपतूर जेवायची माणसं बंद केली, आलेल्यांना हात जोडून म्हणलं, घरात पोरगी पोटुशी हाय, तिला वास सोसत न्हाई. कुणी सुदीक वाईट बोललं न्हाई हो. एक बाई तर आवळासुपारी देऊन गेली. एवढंच सांगायचं हुतं, एवढंच, आणि म्या मांजर सांगितलं. तिच्याजवळ जायच्या आदी लुगडं बदलून जायची, लसणाचा वास लागू नये म्हणून. चमच्यानं पाणी पाजायची. ती प्यायची, आणि म्हणायची, बसा आत्या तुमी, दमला असाल. पाचव्या महिन्यात कुठं तिच्या पोटात भात ठरला. त्या दिवशी वाटीभर मऊ भात खाल्ला तिनं, आणि मी मागल्या दारी जाऊन रडले.

पोरगी झाली. बाळंतपण म्हायेरी. बारशाला गेलो तर सगळं भाटघरचं पाव्हणं बसलेलं, आणि इहीणबाई उठून आल्या, माझ्या पाया पडल्या. वयानं माझ्या बरोबरीच्या. सगळ्यांम्होरं म्हणल्या, ताई, तुमी येळेवर दवाखान्यात न्हेली म्हणून माझी पोर वाचली, असली सासू कुणाला मिळती? बायका मान हलवाय लागल्या. म्या सुनेकडं बघितलं. ती पोरीला पाजत हुती, मान खाली घालून. मला वाटलं आता सांगावं, हितंच सांगावं. पण तोंड उघडलं न्हाई. खण-नारळ घेतला, ओटी घेतली, सगळं घेतलं. इतकं जड वझं म्या डोक्यावर कधी घेतलं न्हवतं.

घरी आल्यावर चार-सहा महिन्यांनी एक दिवस आमी दोघीच, ती भाकरी थापत हुती, म्या शेंगा फोडत हुते. म्हणले, बाय, त्या दिवशी ती चष्मेवाली पोरगी खाली आली हुती, तवा म्या तिला...

ती म्हणली, कामाची बाई म्हणलात. म्हाईत हाय आत्या. तिनं वर येऊन पाणी पाजलं, जरा बोलाय लागले तवा मला इचारलं, तू कुणाकडं कामाला हायस.

मंग तू काय म्हणलीस?

खालच्या घरी, म्हणले.

म्या म्हणले, आणि तुझ्या आईला का न्हाई सांगितलंस? तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं. म्हणली, सांगून काय करू. मला हितंच नांदायचं हाय न्हवं.

रागानं न्हाई बोलली. रागानं बोलली असती तर म्या पाय धरले असते. साधं बोलली, घरातलं मीठ संपलंय म्हणतात तसं. माफ केलं असं न्हाई म्हणली, आणि म्या मागितली बी न्हाई. माफी मागायची म्हणजे परत तिलाच काम लावायचं, व्हय म्हणायचं.

आता नात दीड वर्साची हाय. माणसं परत येत्यात जेवायला, सून वाढती, हसती, मला आत्या म्हणती, काय कमी करत न्हाई. तुमी लिवायला आलात म्हणून सांगितलं सगळं. इहीणबाईंना अजून सांगायचं राहिलंय, बघू कधी जमतंय, का तसंच मरायचंय. नातीला दुपारी मांडीवर घेऊन निजवते तवा रोज एकच मागते. हिला चांगलं घर मिळू दे, चांगला नवरा मिळू दे, आणि देवा, सासू माझ्यासारखी मिळू देऊ नको.