डाव्या सीटचा पट्टा

अहो अर्जुनराव, तो पट्टा राहू द्या लावलेला. नाही नाही, बिघाड कसला, आपली एक सवय. गाडी एक नंबर, दापोडीत या गल्लीत कुणालाही विचारा! दोन वर्षांपूर्वी मी पण जुनीच घेतली, पण पारखून. चाकणला कंपनीत माझं काम काय? हेच! लाईनवरून गाडी उतरली की शेवटची तपासणी ज्योतीरामची. चावी फिरवायची, एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे, मग विझला पाहिजे. लागलाच नाही तर गाडी बाजूला. दिवसाला दोनशे दिवे बघतात हे डोळे.

घेताना सगळं बघितलं — इंजिनचा आवाज, टायर, दाराच्या रबराखालचा गंज. मालक म्हणाला, तुम्ही कंपनीतली माणसं, तुम्हाला आम्ही काय सांगायचं? फुशारलो की राव! आमच्या हिनं, सुमननं, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे वाटले. समोर एकही लाल दिवा नाही म्हणून खूश. मीही खूश... काय म्हणालात? हां, पट्टा. सीट रिकामी असली तरी टुंग-टुंग वाजतं हो, कुणी येऊन बसल्यासारखं. रमीज, आमचा मिस्त्री, म्हणतो सीटखालचा सेन्सर गेलाय. असेल. म्हणून लावून ठेवतो. तरी परवा कामावर जाताना एकटाच होतो, आणि तोंडातून निघून गेलं — "घट्ट नाही ना बसला गं?"

कुणाला म्हणजे? बायकोला. तळेगाव रस्त्याला ट्रेलर उभा होता, भर दुपारी, माझं लक्ष... माझ्या समोरची बॅग फाडकन उघडली. तिच्या समोर बॅगच नव्हती. पट्टा लावला होता हो तिनं, तरी जागीच गेली! गाडी दुरुस्त करताना रमीजनं डॅशबोर्डचं झाकण उचकटून दाखवलं, आत कुणाच्या तरी फुलाफुलांच्या गाऊनचा बोळा. आणि दिव्याचा बल्बच काढलेला. सात महिने रोज चावी फिरवली मी, रोज दिवा लागला नाही, आणि मला वाटलं, बरंय, गाडीला काही दुखणं नाही. परक्याच्या गाडीचा दिसतो, आपल्या घरच्या माणसापुढचा दिसत नाही. डोळे फुटले होते माझे.

रमीजला म्हटलं, झाकून टाक परत, जशी होती तशी. त्यानं कानाला हात लावले — "ज्योतीभाऊ, ये पाप मेरे से नहीं होगा." मग मीच — म्हणजे — दारात बघवत नव्हती हो ही गाडी! जाऊ दे म्हटलं कुणाच्या तरी घरी. तोच बोळा, तीच फुलं, या हातांनी कोंबली आत. तुम्ही दिवा बघितलाच नाही ना मघाशी चावी फिरवताना? मी बघत होतो तुमच्याकडं.

ए बाळा! तिथं नको बसूस! पट्टा सोडू नको — उतर, उतर खाली! अर्जुनराव, घ्या तुमच्या पोरीला आधी. घ्या म्हणतो ना! चावी द्या इकडं. नाही विकायची मला गाडी. कारण काय विचारता, सांगितलं की सगळं! जा तुम्ही, पाया पडतो, जा.

हो गं, ऐकतोय. लावतो पट्टा.